सर्वानुमते

'सर्वानुमते' या शब्दाइतका खोटा शब्द मराठीत दुसरा नसेल! सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा आम्हांला सभा देतो. निर्णय मात्र जिन्यात होतात. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते ना, तेवढ्यात. लिफ्टची सूचना 'अ' विंगने मांडली म्हणून 'ब'ने हाणून पाडली. पुढल्या वर्षी 'ब'ने मांडली, 'अ'ने पाडली. इतिवृत्तात दोन्ही वेळा 'विषय सर्वानुमते पुढे ढकलला'. आणि मी? दोन्ही वेळा शेजाऱ्यांचा हात बघून हात वर केला. काय करणार, पंखे पुसायला शिडी त्यांचीच आणावी लागते! चौथ्या मजल्यावरच्या आजी दोन वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. सभेची नोटीस मात्र सहीसाठी न चुकता वर जाते.