ताटाच्या पाठीवरचं नाव

डेल्फ्टची निळी-पांढरी भांडी हाती आली की संग्राहक आधी ती उलटी करतो. पाठीवर ‘ए’ आणि ‘के’ ही जोडलेली अक्षरं दिसली की भाव चढतो आणि सगळे म्हणतात, आड्रियानुस कॉक्सचं काम! माझं भांडण या ‘चं’शी आहे.

कॉक्स हा १६८६पासून ‘ग्रीक ए’ या कारखान्याचा मालक. इंग्लंडची राणी दुसरी मेरी त्याची गिऱ्हाईक. पण श्रीमंतांच्या टेबलावर गेलेल्या ताटावरचं चित्र काढलं कोणी?

भाजलेलं मातीचं ताट कथिलाच्या झिलईत बुडवायचं. ती सुकली की टीपकागदासारखी रंग शोषते. कोबाल्टचा कुंचला टेकला की टेकला, खोडायची सोय नाही. शिवाय तो रंग तेव्हा काळपट दिसतो; निळा होतो तो भट्टीत. म्हणजे चितारी अंतिम रंग डोळ्यांपुढे नसताना रेघ मारतो. हे कौशल्य मालकाच्या हिशेबवहीत येत नाही.

यावर ठरलेलं उत्तर: भांडवल मालकाचं, जोखीम मालकाची, खूण म्हणजे दर्जाची हमी. मान्य. १६४४मध्ये मिंग सत्ता कोसळली, चिनी पोर्सेलीनची आवक आटली आणि डेल्फ्टमधल्या बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यांत कुंभारांनी भट्ट्या लावल्या. त्यात पैसे घालायला धाडस लागत होतं. पण तक्रार कोणाकडे न्यायची, एवढंच हमी सांगते. वस्तू कोणी घडवली, हा प्रश्न वेगळा.

मी सॉफ्टवेअर लिहितो. कोडवर हक्क कंपनीचा असतो, तरी कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद राहते. बग निघाला की त्या नोंदीतून आमचं नाव मिनिटभरात सापडतं. कौतुकाच्या वेळी मात्र कंपनीचा लोगो पुरतो. डेल्फ्टच्या बहुतेक चिताऱ्यांची तर नोंदच उरली नाही. फ्रेडरिक व्हान फ्रेइटॉमसारख्या मोजक्यांनी सही केली, म्हणून ते आज ओळखू येतात.

हरवलेली नावं आता सापडणार नाहीत. पण संग्रहालयाच्या पाटीवर दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? कारखान्याचा मालक: आड्रियानुस कॉक्स. चितारी: अज्ञात. दुसरी ओळ गाळली की वाचणारा पहिलीलाच उत्तर समजतो.