फाट्यावर उतरवणारे दुवे

आपल्याकडच्या मुलांना प्रोग्रामिंग जड जाते ते इंग्रजीमुळे, असे आपण सरसकट म्हणून टाकतो. माझे मत थोडे वेगळे आहे. इंग्रजी अवघड आहेच, पण मुलांचा जास्त वेळ जातो तो हवी ती ओळ शोधण्यात. आणि हा दोष मुलांचा नाही, माहिती लिहून ठेवणाऱ्यांचा आहे.

पेण-रोह्याकडची काही मुले माझ्याकडे इंग्रजी वाचायला येतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, आता प्रोग्रामिंगच्या मागे लागलेली. तयार कोड वापरायचा तर त्याचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे महाजालावरची माहितीची पाने, वाचावीच लागतात. त्यांच्याबरोबर मीही वाचतो. एका पानावर फंक्शनचे नाव निळ्या अक्षरांत दिसते. टिचकी मारली की दुसरे लांबलचक पान उघडते, पण अगदी वरून! हवे ते फंक्शन खाली कुठेतरी, नावांच्या गर्दीत. पेणहून नागोठण्याला निघालेल्या माणसाला वडखळला उतरवून 'आता याच रस्त्याने चालत राहा' म्हणण्यातलाच हा प्रकार. सरावलेला माणूस भरभर नजर फिरवतो. एकेक शब्द लावून वाचणारे पोर मात्र तिथेच दमते आणि 'हे आपले काम नव्हे' असे समजून बसते. मला खंत वाटते ती याची.

हे टाळणे कठीण नाही. पानातल्या नेमक्या जागेला नाव देऊन दुवा थेट तिथे नेण्याची सोय एचटीएमएलमध्ये पहिल्यापासून आहे. जावाच्या माहितीपानांत प्रत्येक मेथडला अशी स्वतःची खूण असते. पायथॉनच्या पानांवर मथळ्यावर माउस नेला की शेजारी परिच्छेदाचे चिन्ह उमटते, तोच त्या जागेचा कायमचा पत्ता. पीएचपीच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे फंक्शनचे नाव लिहिले तरी त्याचे पान समोर येते.

यातले शेवटचे मला फार आवडते, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात नोंदीच्या शेवटी 'पहा' म्हणून संबंधित नोंदींची नावे दिलेली असतात. पृष्ठांक नाही, नुसते नाव. नोंदी अकारविल्हे असल्याने नाव हाच पत्ता. उद्या पाने मागेपुढे झाली तरी संदर्भ चुकत नाही. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली हेच सांगितले होते, की चांगले पत्ते बदलत नसतात. तरीही नवी आवृत्ती आली की पानांची जागा हलवतात आणि जुने दुवे 'पान सापडले नाही' असे सांगू लागतात. उलट कधी शोधयंत्र जुन्याच आवृत्तीच्या पानावर नेऊन सोडते. पान कोणत्या आवृत्तीचे हे वरच ठळक लिहिले नसेल, तर पोराने कसे ओळखावे?

काही जण म्हणतील, शोधायची खिडकी असताना एवढी चिंता कशाला? पण शोधायला आधी शब्द माहीत असावा लागतो. नवशिक्याला तोच माहीत नसतो. त्याला बोट धरून नेणारा दुवाच लागतो.

आपल्या भागातली पुष्कळ मुले आज मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत आहेत. उद्या तीही अशी पाने लिहितील. त्यांना या म्हाताऱ्या मास्तरचे चार शब्द. दुवा नेमक्या जागी न्या. 'इथे टिचकी मारा' असे न लिहिता कुठे जाणार ते लिहा. आपण कोणत्या प्रकरणात आहोत आणि वर कसे जायचे, हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर दाखवा. पान हलवलेच तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पोचवा. आणि सगळे झाले की एखाद्या नवख्या मुलाला ते पान वाचायला द्या, शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल, तिथे तुमचे काम अजून बाकी आहे.