देशांतराची बेगमी

परदेशगमन हा आपल्या मध्यमवर्गात आजवर तरुणांचा विषय मानला गेला. विशी-पंचविशीतला मुलगा शिष्यवृत्तीच्या, कर्जाच्या किंवा आईच्या पाटल्यांच्या आधारावर निघे, आणि साठ-सत्तरच्या दशकांत, परकीय चलनावर सरकारचा कडक पहारा असताना, अवघे आठ डॉलर खिशात घेऊन विमानात बसलेल्यांच्या हकिकती अमेरिकेतली वडीलधारी मराठी मंडळी अजूनही सांगतात. माझी सारी नोकरी बँकेच्या विदेशी विनिमय विभागात गेल्यामुळे ही बंधने एकेक करून सैल होताना मी जवळून पाहिली. १९७३ चा जाचक कायदा जाऊन २००० च्या जूनपासून नवा, सौम्य कायदा अमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने निवासी नागरिकाला वर्षाकाठी पंचवीस हजार डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे. पैसा नेण्याची आडकाठी अशी संपली. परंतु ज्याच्यापाशी मुळात पैसाच बेताचा आहे आणि ज्याचे वयही आता विशीतले राहिलेले नाही, अशा माणसाने देशांतराचा खर्च कशातून भागवावा, हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे वरचेवर येऊ लागला आहे, आणि तरुणाच्या हिशेबाने त्याचे उत्तर देता येत नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

माझ्या भाचीचे उदाहरण तिच्या संमतीने सांगतो. ती सेहेचाळीस वर्षांची. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात बावीस वर्षे परिचारिका आहे. तिचे यजमान बावन्न वर्षांचे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला. सिडकोत दोन खोल्यांचे घर, त्याचे थोडे हप्ते बाकी. मुलगा पुण्यात नोकरीला लागलेला. दोघांचा भविष्यनिर्वाह निधी, टपाल कचेरीतली बचत आणि सार्वजनिक भविष्य निधीचे खाते मिळून पस्तीस लाखांच्या घरात पुंजी. एवढ्यावर तिने जर्मनीला जाण्याचे मनात घेतले. "मामा, अजून वीस वर्षं माझे हातपाय चालणार आहेत. ती इथं रात्रपाळ्यांत घालवायची, की जिथं या कामाला किंमत आहे तिथं, एवढंच मला ठरवायचंय," असे ती म्हणाली. या आकांक्षेत मला काहीच वावगे दिसले नाही. बावीस वर्षे अतिदक्षता विभागात उभी राहिलेली बाई स्वतःच्या श्रमाचे मोल शोधू पाहते, तेव्हा तिला वयाची आठवण करून देणे हे आप्तेष्टांचे काम नव्हे. तिचा हिशेब नीट मांडून देणे हे त्यांचे काम आहे.

जर्मनीत परिचारिकांची वाण आहे, हे आता सर्वश्रुत आहे. केरळ सरकारच्या संस्थेने २०२१ च्या अखेरीस तिथल्या सरकारी यंत्रणांशी परिचारिका पाठवण्याचा रीतसर करार केला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनानेही, ज्याची राजधानी श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे त्या बाडेन-वुर्टेम्बेर्ग राज्याशी, कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. परंतु त्या देशाच्या कायद्यात एक कलम असे आहे की, ते आपल्याकडील चाळिशी उलटलेल्या प्रत्येक इच्छुकाने प्रथम वाचावे. पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेला परदेशी कर्मचारी पहिल्यांदाच कामाकरिता येत असेल, तर एक तर त्याचे वेतन ठरावीक मर्यादेच्या वर असले पाहिजे (२०२५ साली ती मर्यादा वार्षिक ५३,१३० युरो होती), किंवा त्याने आपल्या वार्धक्याची पुरेशी तरतूद असल्याचा पुरावा दिला पाहिजे. नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेचे वेतन चाळीस हजार युरोच्या आसपास असते, म्हणजे पहिली वाट बंद. आणि श्रमबाजाराच्या हितासाठी अपवाद करण्याची सवलत कायद्यात असली, तरी अपवादावर विसंबून कोणी घरदार आवरू नये. उरते दुसरी वाट, म्हातारपणाच्या तरतुदीची. ही अट कठोर वाटते खरी, पण मला ती विचारी वाटली. त्या राज्यकर्त्यांनी उशिरा येणाऱ्या माणसाला जो प्रश्न विचारला आहे, तो त्याने स्वतःला आधीच विचारायला हवा.

एका रविवारी तिच्या जेवणाच्या मेजावर आम्ही सारे कागद पसरले. पासबुके, मुदतठेवींच्या पावत्या, विम्याची पत्रे, घराचा दस्त, आणि भविष्यनिर्वाह निधीबरोबर चालणाऱ्या पेन्शन योजनेचे उतारे. १९९५ च्या या पेन्शन योजनेवर आपल्या खासगी नोकरदारांची केवढी भिस्त असते आणि तिचे सूत्र किती थोड्यांनी वाचलेले असते, याचे मला नेहमी वाईट वाटते. पगार कितीही असो, पेन्शनपात्र वेतन २०१४ च्या सप्टेंबरपासून पंधरा हजारांपलीकडे धरले जात नाही, त्यापूर्वीच्या सेवेला तर साडेसहा हजारांचीच कमाल मर्यादा. त्या वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. हा गुणाकार-भागाकार मी तिच्यासमोर पेन्सिलीने केला, तेव्हा तिचे पेन्शन चार हजारांच्या आत आणि यजमानांचे त्याहून किंचित अधिक निघाले. दोघांचे मिळून आठ हजारांच्या आसपास, तेही अठ्ठावन्न वर्षे झाल्यावर. एक युरो शंभर रुपयांचा धरला, तर महिना ऐंशी युरो. ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे बावीस वर्षांचे चाळीस युरोसुद्धा नाहीत."

मग आम्ही पलीकडची बाजू मांडली. जर्मनीच्या वैधानिक पेन्शन व्यवस्थेत, त्या वर्षीच्या सरासरी वेतनाइतके वेतन मिळवणाऱ्याच्या खात्यावर वर्षाला एक गुण जमा होतो, आणि जुलै २०२५ पासून एका गुणाचे मोल दरमहा ४० युरो ७९ सेंट आहे. सरासरी पन्नास हजारांच्या किंचित वर असल्याने भाचीला वर्षाला सुमारे आठ दशांश गुण मिळेल. १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन सदुसष्टाव्या वर्षी. म्हणजे पुढील वर्षी ती रुजू झाली तर वीस वर्षांची सेवा, सोळा गुण, आणि आजच्या दराने महिना सुमारे साडेसहाशे युरो, तेही करांपूर्वीचे. हीच मुलगी पंचविशीत गेली असती, तर त्याच पगारावर तिचे पेन्शन तेराशे सत्तरच्या घरात गेले असते. उशिरा देशांतर करणाऱ्याचे खरे मोल इथे मोजले जाते. त्याच्या वाट्याला दोन देशांची दोन अपुरी पेन्शने येतात, आणि त्यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरून काढायला त्याच्यापाशी आजवरच्या बचतीखेरीज दुसरे काही नसते.

म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे की, पन्नाशीच्या आसपास परदेशी जाणाऱ्याने साठवलेली पुंजी ही जाण्याच्या खर्चाची रक्कम मानूच नये. ती गेलेल्या वर्षांची भरपाई आहे, आणि जी वर्षे परत मिळवता येत नाहीत त्यांची भरपाई विमानाच्या तिकिटावर व दलालाच्या मोबदल्यावर उधळणे हा अविचार होय. भाचीच्या मनात निधीतून बारा लाख काढण्याचे होते. नोकरीसाठी किंवा कायमच्या वास्तव्यासाठी परदेशी जाणाऱ्याला निधी काढून घेण्याची मुभा नियमांत आहेच. परंतु तेच बारा लाख वीस वर्षे सात टक्क्यांनी राहिले, आणि तो दर टिकला, तर त्यांचे सेहेचाळीस लाखांच्या वर होतात. हा आकडा तिला कोणी दाखवला नव्हता.

मग जाण्याचा खर्च कशातून? माझ्या मते शक्य तितका मालकाकडून आणि उरलेला चालू मिळकतीतून. प्रामाणिक भरतीत भाषेचे शिक्षण, पदवीची मान्यता आणि प्रवास यांचा भार रुग्णालय उचलते. केरळचा कार्यक्रम याच तत्त्वावर चालतो. याउलट, भाचीकडे आलेल्या एका मध्यस्थाने नाव नोंदवण्यासाठीच साडेचार लाख मागितले. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत दलालाने उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील करापेक्षा अधिक सेवाशुल्क घेऊ नये, असा आपल्या सरकारचाच नियम आहे, हे ठाऊक नसल्याने किती कुटुंबांनी शेते गहाण टाकली असतील, या विचाराने मन विषण्ण होते. जर्मनचे वर्ग ती संध्याकाळी पगारातून करते आहे. मधल्या पायरीची परीक्षा झाली. पूर्ण मान्यतेला लागणारी त्यापुढची पायरी बाकी आहे. तिकडे गेल्यावर मान्यतेची परीक्षा उत्तीर्ण होईतो साहाय्यक म्हणून कमी वेतनावर राबावे लागेल, हेही तिने समजून घेतले आहे.

घरखर्चाची एक बाब तिकडे गेलेल्या तिच्या मैत्रिणीने कळवली, ती मलाही नवी होती. जर्मनीत भाड्याची पुष्कळ घरे स्वयंपाकघराविना मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, फडताळे नाहीत; भिंतीतून आलेले पाण्याचे नळ आणि विजेची जोडणी एवढेच असते, आणि बाकीचे सारे भाडेकरूने स्वतः विकत आणून बसवायचे व जाताना उचलून न्यायचे किंवा पुढच्याला विकायचे. त्यात घरमालक कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो, आणि दूरचित्रवाणी असो वा नसो, दर घरामागे प्रसारणशुल्क महिना १८ युरो ३६ सेंट. हे सारे जमेस धरता स्वतःचे बिऱ्हाड थाटायला सहा-सात हजार युरो सहज लागतात. यावर तोड अशी निघाली की, पहिले वर्षभर तिने रुग्णालयाच्या वसतिगृहातली खोली घ्यावी आणि बिऱ्हाडाचा खर्च तिथल्याच पगारातून साठवावा. इथून नेण्याची रक्कम तीन लाखांवर जाऊ द्यायची नाही, आणि तेवढीच आणखी एक रक्कम अकस्मात परत यावे लागले तर, सासूबाईंचे वय पाहता, नाशिकला वेगळी ठेवायची, असे आम्ही ठरवले.

कागदोपत्री व्यवस्थेकडे फार थोडे लोक लक्ष देतात. नोकरीसाठी देश सोडला की माणूस त्या दिवसापासून विनिमय कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो, आणि त्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात वर्ग करावे लागते. सार्वजनिक भविष्य निधीचे तिचे खाते २०१५-१६ सालचे. ते मुदतपूर्तीपर्यंत, म्हणजे एप्रिल २०३१ पर्यंत चालू राहील, पण पुढे वाढवता येणार नाही. साठीनंतरची ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना अनिवासीला बंद आहे. म्हणजे म्हातारपणासाठी सरकारने केलेली सर्वांत बरी सोय तिच्या हातून सुटते, आणि ही किंमत हिशेबात धरलीच पाहिजे. निघण्यापूर्वी मोठी रक्कम बाहेर पाठवण्याची घाई करू नये, हेही मी तिला सांगितले. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपलीकडील अशा रकमेवर बँक वीस टक्के कर आगाऊ वसूल करते, आणि तो पुढे विवरणपत्रात वळता होत असला तरी नेमका गरजेच्या काळात अडकून पडतो. पुढे कधी घर भाड्याने दिलेच, तर मालकीण अनिवासी असल्याने तिच्या हिश्श्याच्या भाड्यातून तीस टक्क्यांहून अधिक कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. बिचाऱ्या भाडेकरूला याची वार्ताही नसते. मुलाच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करताना मात्र त्यात घर विकण्याचा अधिकार घालू नये, असा माझा आग्रह राहिला, आणि तो मुलावरच्या अविश्वासाने नव्हे. अडचणीच्या वेळी विकण्याची सोय हाताशी असली की पहिली कुऱ्हाड घरावरच पडते, असे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

सर्वांत अधिक विचार मला जावईबापूंचा करावा लागला. अशा देशांतरात जिला नोकरी मिळते तिचे सारे पाहतात आणि जो तिच्यामागून जातो त्याच्या वार्धक्याचा हिशेब कोणी मांडत नाही. बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून, भाषा न येता, परक्या गावी बायकोच्या पगारावर बसणे हे त्या स्वाभिमानी गृहस्थाला जाचेल, हे तो न बोलताही मला समजत होते. आरोग्यविम्याची चिंता नाही, कारण न कमावणारा जोडीदार तिथल्या सार्वजनिक विम्यात पत्नीच्याच वर्गणीत सामावला जातो. पेन्शनला किमान पाच वर्षांची वर्गणी लागते खरी, पण भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून अमलात असल्याने इथली निधीतली वर्षे त्या पात्रतेसाठी मोजली जातात. त्यामुळे त्यांनी तिकडे चार वर्षे एखाद्या कारखान्यात काम केले, तरी ती वर्गणी वाया जात नाही. टूलरूममधला हात तिकडेही उपयोगी पडेल, असे त्यांना वाटते आणि मलाही वाटते.

म्हणून बेत असा आहे की, ती एकटीने आधी जाईल. ते कारखान्यातच राहतील, त्यांच्या पगारातून घराचे उरलेले हप्ते फिटतील, सासूबाईंजवळ कोणीतरी असेल, आणि मधल्या वेळात त्यांची जर्मनची पहिली पायरी पुरी होईल. दोन बिऱ्हाडांचा खर्च आणि वर्षा-दीड वर्षाचा विरह ही या बेताची किंमत आहे. दोघांनी ती डोळे उघडे ठेवून पत्करली. मान्यतेच्या परीक्षेचा तिचा निकाल हाती येईपर्यंत जावईबापूंनी राजीनाम्याचा अर्ज लिहायचा नाही, एवढे मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.