तेलाचा माड

नार्वे म्हटले की बहुतेकांना सप्तकोटेश्वराचे देऊळ आठवते. मला आधी आठवतो तो काकांच्या ओसरीवर सुकत घातलेल्या खोबऱ्याचा वास. घाण्यावरून आणलेले ते तेल आमच्या चार घरांना वर्षभर पुरायचे.

मे-अखेरीस गेलो तर विहिरीकडचे तीन माड गेलेले. गेंड्या भुंग्याने शेंडा पोखरला, मागून सोंड्या आत शिरला. मी लगेच मोबाईलवर ठेंगू जात दाखवली. तीन-चार वर्षांत नारळ, आणि पाडेली शोधत फिरायला नको. काकांनी फोटो नीट पाहिला.

"शहाळी विकायची असतील तर लाव. तेल हवे असेल तर बाणवलीच."

बाणवली म्हणजे सासष्टीतल्या त्याच नावाच्या गावची उंच जात. ठेंगूचे खोबरे वाळले की बहुधा चामट होते, घाण्यात फारसे सुटत नाही. उंच माडाची वाटी जाड नि कडक. चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात साधारण ६५ टक्के तेल असते. याच बाणवलीतून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'प्रताप' ही जात निवडली. नीट निगा राखली तर वर्षाला दीडशेच्या आसपास नारळ देते म्हणतात. आमच्या निगेला निम्मे मिळाले तरी पुष्कळ!

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. उंच माडात परपरागीकरण होते, त्यामुळे नारळ त्याच माडाचा असला तरी रोप आईवर जाईलच असे नाही. म्हणून आधी माय-माड निवडायचा, वर्षभराचे पक्व नारळ दोरीने खाली सोडायचे, आणि रुजवल्यावर पुन्हा निवड. लवकर कोंब फुटलेला, मानेशी जाड, पाने लवकर चिरलेली असा कवाथा ठेवायचा. काकांनी गेल्या पावसाळ्यात वीस नारळ रुजवले होते. त्यातले नऊ त्यांनी माझ्यासमोर बिनदिक्कत फेकले. मला वाईट वाटले, त्यांना नाही.

(२०१६ मध्ये गोव्यात माडाला कायद्याच्या व्याख्येतून झाडांमधून वगळले होते, तेव्हा काका आठवडाभर कोणाशी धड बोलले नव्हते. २०१७ मध्ये तो राज्यवृक्ष झाला.)

बाणवलीला पहिले नारळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. पुढे साठ-सत्तर वर्षे तो देत राहतो. काका शहात्तर वर्षांचे आहेत. हिशेब मी मनातच केला. त्यांनीही केला असणार, कारण खड्डा भरता भरता म्हणाले, "घाण्याचा रस्ता मुलांना दाखवून ठेव."

पहिल्या पावसावर तीन कवाथे लावले, एकमेकांपासून पंचवीस फुटांवर. पहिली दोन-तीन वर्षे फेब्रुवारी ते मे त्यांना पाणी लागते आणि काकांना आता कळशी उचलवत नाही. भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाळ्या टाकल्या आहेत. मे माझा. एप्रिल अजून रिकामा आहे.