‘अल्फा’ नर खरेच सुखी असतो का?

‘अल्फा बना, दबदबा ठेवा’ असे सांगणाऱ्या रील्सचा सध्या तरुणांच्या मोबाइलवर पाऊस पडतो आहे. दाखला दिला जातो तो प्राण्यांचा. मग ज्यांच्यात वरचा-खालचा हा भेद अगदी ठळक दिसतो, त्या आफ्रिकेतील बबून माकडांकडेच पाहू.

केनियातील अंबोसेली येथे १९७१पासून बबूनच्या टोळ्यांचा अभ्यास सुरू आहे. संशोधक एकेक माकड ओळखतात आणि त्याच्या आयुष्याची नोंद ठेवतात. येथे नर मारामारी करून वरचे स्थान मिळवतो. पहिल्या क्रमांकाच्या नराला माद्यांचा सहवास अधिक लाभतो, हे खरे. पण त्याची किंमतही आहे. ‘सायन्स’ नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी १२५ नरांच्या विष्ठेतील संप्रेरके मोजली गेली. ताण दाखवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण अल्फा नरात दुसऱ्या क्रमांकाच्या नरापेक्षा बरेच जास्त निघाले. प्रतिस्पर्ध्यांशी झुंजायचे, माद्यांवर पहारा ठेवायचा. यात त्याची शक्ती खर्ची पडते. एवढे करूनही गादी कायमची नसते.

टोळीचा कणा असतात त्या माद्या. वयात आलेले नर बहुधा दुसऱ्या टोळीत निघून जातात. माद्या मात्र जन्मल्या त्याच टोळीत आयुष्य काढतात. मुलीचा दर्जा साधारण आईच्या खालोखाल असतो. निवांत वेळी त्या एकमेकींच्या केसांतील गोचिडी वेचतात. त्यातून अंग स्वच्छ होते आणि मैत्रीही टिकते. अंबोसेलीतीलच १६ वर्षांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांत अधिक मिसळणाऱ्या माद्यांची पिल्ले पहिले वर्ष पार करण्याची शक्यता अधिक असते, असे त्यात दिसले. आईचा दर्जा वरचा असो वा खालचा, हा फायदा मिळतच होता.

माणूस म्हणजे बबून नव्हे. आपण कसे वागावे, हे माकडांनी ठरवण्याचे कारण नाही. पण निसर्गाचा दाखला द्यायचाच, तर तो अर्धवट देऊ नये. दबदबा तेवढा दाखवायचा आणि ताण, मैत्री, माद्या वगळायच्या, याला विज्ञान म्हणत नाहीत. अशी रील पुढे पाठवण्याआधी एवढे तपासले तरी पुरे.