प्लॅन वाढवण्याआधी वायर बघा!



आज जरा रागातच लिहितेय. राग कुणावर? आधी स्वतःवरच. आठ महिने मी नेटच्या मोठ्या प्लॅनचे पैसे भरले आणि ज्या कॉम्प्युटरसाठी भरले, त्याला त्यातलं काहीच मिळत नव्हतं.

झालं असं. आमचं गिफ्ट आणि पॅकिंगच्या सामानाचं दुकान खाली, घर वर. राउटर दुकानात, आणि तिथून एक लॅन केबल खिडकीतून वर घरातल्या कॉम्प्युटरला आलेली. व्हिडिओचं एडिटिंग, कॅटलॉग, जीएसटीचं काम, सगळं रात्री वरच चालतं. नेट स्लो वाटायला लागलं तसा मी प्लॅन १०० चा २०० केला. महिन्याला तीनशे रुपये जास्त. फोनवर नेट पळायला लागलं, कॉम्प्युटर मात्र होता तसाच. वायरीचं नेट वायफायपेक्षा पक्कं, हे इतकं डोक्यात बसलेलं की वायरीवर संशय गेलाच नाही. वाटलं, कॉम्प्युटर म्हातारा झाला.

मग दिवाळी आली. एका पतसंस्थेला कर्मचाऱ्यांसाठी १८० गिफ्ट बॉक्स हवे होते. सहा वाजता त्यांची मीटिंग, त्याआधी तीन नमुन्यांचा व्हिडिओ पाठवायचा. ३ जीबीची फाइल. मी साडेचारला अपलोडला लावली आणि निवांत चहा ठेवला. दोनदा मध्येच तुटली. तिसऱ्यांदा पूर्ण झाली तेव्हा सात वाजून गेले होते. समोरून निरोप आला, "ताई, आमचं ठरलं दुसरीकडे. पुढच्या वेळी बघू." तुम्हाला माहितीय, दिवाळीत "पुढच्या वेळी" म्हणजे पुढच्या वर्षी.

दुसऱ्याच दिवशी मी नवीन कॉम्प्युटरचं कोटेशन घेतलं. ३८ हजार! घेणारच होते. पण शेजारचा डिप्लोमाला असलेला मुलगा आला, त्याने माझ्या कॉम्प्युटरची वायर काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि स्पीड टेस्ट केली. ९ एमबीपीएस. मग तोच लॅपटॉप खाली नेऊन हातभर वायरीने थेट राउटरला जोडला. १९० च्या वर! "काकू, कॉम्प्युटर चांगला आहे. वायर गेलीय." (मी ३४ ची आहे, तरी काकू. असो.) सरकत्या खिडकीच्या पट्टीत वायर रोज चेपत होती. नवीन वायर, दोन्ही टोकांना कनेक्टर, मजुरी धरून काम पाचशेच्या आत झालं.

आता तो ९ चा आकडा कुठून आला, ते समजून घ्या. वायर लावली की कॉम्प्युटर आणि राउटर आपसात ठरवतात की किती वेगाने बोलायचं. हा वेग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट इथे "लिंक स्पीड" म्हणून दिसतो. माझ्याकडे १०/१० दिसत होतं. म्हणजे मी प्लॅन ५०० चा घेतला असता तरी त्या वायरीतून १० च्या पुढे काही येणार नव्हतं. ३ जीबीची फाइल ९ च्या वेगाने चढवायला पाऊण तास लागतो, तोही मध्ये तुटली नाही तर. ९० च्या वेगाने पाच मिनिटांच्या आत होते.

तुमच्याकडे १०/१० क्वचितच दिसेल. जास्त वेळा दिसतं १००/१००, आणि ते फसवं असतं. लॅन केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. १००० चा वेग मिळायला आठही लागतात, १०० चा चारवरसुद्धा चालतो. त्यामुळे कनेक्टरमध्ये एखादी तार सैल झाली तरी नेट बंद पडतंच असं नाही, बऱ्याचदा गुपचूप १०० वर येतं आणि कुणाला कळत नाही. तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल आणि टेस्टमध्ये दर वेळी ९४-९५ वरच काटा अडकत असेल, तर हेच झालंय असं समजा. किंवा राउटरचा नाहीतर कॉम्प्युटरचा पोर्टच १०० चा असेल. स्वस्त राउटरवर असे पोर्ट अजूनही येतात. तसं असेल तर वायर बदलून काही होणार नाही.

लिंक स्पीड १००० आहे आणि तरीही स्लो? मग आपलंच घर तपासा. क्लाउडवर फोटोंचा बॅकअप चालू आहे का? विंडोज अपडेट होतंय का? आणि दुकानदारांनो, तुमचे सीसीटीव्ही कॅमेरे! मोबाइलवर लाइव्ह बघता किंवा क्लाउडवर रेकॉर्डिंग ठेवता, ते सगळं अपलोड खातं. हे सगळं बंद करून, छोट्या वायरीने थेट राउटरला जोडून टेस्ट घ्या. तिथेही कमीच आलं तर दोष नेट कंपनीकडचा असण्याची शक्यता जास्त. सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा टेस्ट घेऊन स्क्रीनशॉटसकट तक्रार टाका. नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलं की "राउटर बंद करून चालू करा" एवढंच ऐकायला मिळतं.

एक घोळ बॅचमध्ये नेहमी होतो. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड होताना दिसतात मेगाबाइट. आठने भागा. १०० च्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. त्यावरून कंपनीशी भांडू नका.

बॅचमधले एक दादा मला म्हणाले, "मॅडम, हे इंजिनिअरचं काम. आपण धंदा बघावा." मला हे अजिबात पटत नाही. वायर क्रिंप करायला माणूस बोलवा ना, मीही बोलावला. पण काय बिघडलंय हे न बघता पैसे काढायचे, हा धंदा नाही. बीबीएला बॉटलनेक शिकवला होता, परीक्षेत छान उत्तर लिहिलं होतं मी. आणि स्वतःच्या घरात बाटलीचं तोंड सोडून बाटली मोठी करत बसले! विकणाऱ्याला दोष देत नाही. त्याच्याकडे प्लॅन मागितला, त्याने प्लॅन दिला. कॉम्प्युटरवाल्याकडे गेले, त्याने कॉम्प्युटरचं कोटेशन दिलं. वायर बघ, असं कोण सांगणार?

आता माझ्या ड्रॉवरमध्ये टेपच्या रोलशेजारी दोन मीटरची एक जादा लॅन केबल असते. कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, घराला तेवढी पुरते. "कॅट ८ घ्या, नेट उडेल" असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या. लांब वायर टाकायची असेल तर शुद्ध तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. आणि लाइटच्या वायरीच्या पाइपातून नेऊ नका.

पतसंस्थेला यंदा गणपतीआधीच व्हिडिओ पाठवलाय. उत्तर अजून आलेलं नाही.