नळीचे मुख आणि आपला मध

१० जुलै २०१८ रोजी वसई रोड व नालासोपारा दरम्यानचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या. अशा दिवशी डायलिसिस केंद्रावर जाणाऱ्या रुग्णाचे हाल आपण जाणतोच. घरच्या घरी करावयाचे पेरिटोनियल डायलिसिस म्हणूनच आपल्या भागाला सोयीचे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनाही २०१९ मध्ये निघाल्या.

परंतु या उपचाराची सारी मदार पोटातून बाहेर आलेल्या एका मऊ नळीवर असते. नळीच्या मुखाशी झालेला जंतुसंसर्ग आत उतरला, तर उदरावरणशोथ होतो. प्रसंगी नळीच काढावी लागते.

असा रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा मध, हळद किंवा जात्यादि तेल सुचविण्याचा मोह होतो. मधाच्या व्रणरोपण गुणाविषयी आपल्याला शंका नाही. तथापि हा भरून येणारा व्रण नव्हे. येथे नळीरूपी शल्य कायम राहावयाचे आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नळीच्या मुखाशी निर्जंतुक वैद्यकीय मध लावल्याने म्युपिरोसिनपेक्षा अधिक लाभ झाला नाही. मधुमेही रुग्णांत तर संसर्ग वाढलेला आढळला. मग बरणीतील साध्या मधाची काय कथा?

औषधविक्रेत्या बंधूंनीही एक पथ्य पाळावे. पोव्हिडोन आयोडीन, क्लोरहेक्सिडीन, स्पिरिट ही द्रव्ये एकमेकांच्या जागी देऊ नयेत. स्पिरिट व काही मलमांची आधारद्रव्ये पॉलियुरेथेनच्या नळीला इजा करू शकतात. डायलिसिस केंद्राने लिहून दिले असेल तेच द्यावे. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक तर देऊच नये; तपासणीपूर्वीच ते पोटात गेले, तर जंतूची ओळख पटणे कठीण होते.

मग आपले कार्य काय? सुश्रुताचार्यांनी व्रणितोपासनीय अध्यायात नखे-केस कापण्यापासून घराच्या स्वच्छतेपर्यंतचे नियम सांगितले आहेत. तीच शिकवण येथे द्यावी: साबणाने हात धुऊन कोरडे करणे, नळी ताणली जाणार नाही अशी चिकटविणे, विहिरीचे वा टँकरचे पाणी मुखाला लागू न देणे, पावसाळ्यात तो भाग कोरडा राखणे. मुखाशी लाली वा पू दिसल्यास रुग्णास विनाविलंब केंद्राकडे पाठवावे. बाहेर आलेला द्रव गढूळ असल्यास किंवा पोट दुखत असल्यास त्याच दिवशी, त्या पिशवीसह पाठवावे.

आपले औषध कोठे थांबवावे, हे जाणणे हेही वैद्यकर्मच आहे.